घेतली तर काय बिघडतं?

स्मरणशक्तीच्या गोळ्यांवरून घराघरांत होणारा वाद ऐकला की दोन्ही बाजूंचा सारखाच वैताग येतो. एकीकडे कर्ती मुलं असतात. त्यांच्या मते हे सगळं थोतांड, म्हातारपणी माणूस भोळा होतो आणि भोळ्याला कोणीही टोपी घालतं. दुसरीकडे ज्यांच्या उशाशी ती बाटली असते ते. "औषध थोडंच आहे? वनस्पतीचा अर्क आहे, व्हिटॅमिन आहे. घेतली तर काय बिघडतं?" मुलांच्या बोलण्यात मग्रुरी असते, आईवडिलांच्या बोलण्यात घाईघाईने झाकलेली भीती, आणि भांडण चालतं ते गोळीने गुण येतो की नाही यावर. या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी लागलेलं आहे आणि ते मुलांच्या बाजूने आहे. माझा आक्षेप त्याच्या पुढे सुरू होतो. विसरायला होणं हे लक्षण आहे, तापासारखं किंवा खोकल्यासारखं. त्याच्यामागे दहा कारणं असू शकतात आणि त्यातली काही चक्क बरी होणारी असतात. बाटली घरात आली की ती कारणं शोधायची निकड संपते. काहीतरी चालू आहे ना, मग बघू पुढे. बिघडतं ते इथे.

पण आधी मुलांशी दोन शब्द. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि तो माणूस समोर हसत उभा असतो. चष्मा आणायला म्हणून आतल्या खोलीत जावं आणि तिथे पोचल्यावर आपण कशाला आलो हेच आठवू नये. हे पस्तिशीत घडलं तर हसण्यावारी जातं, सत्तरीत घडलं तर रात्रीची झोप उडते. त्या वयापर्यंत प्रत्येकाने कोणाला तरी आपल्याच माणसांत हळूहळू परकं होताना पाहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख माणसांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होता. बरं, डॉक्टरांच्या हातात तरी काय असतं? डोनेपेझिलसारखी जुनी औषधं लक्षणं काही काळ, थोडीफार सावरतात. अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळालेलं लेकानेमॅब ऱ्हासाचा वेग काहीसा कमी करतं, पण ते टोचून घ्यावं लागतं आणि मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने पुन्हा पुन्हा स्कॅन करावे लागतात. एवढी मोठी भीती आणि एवढं तुटपुंजं उत्तर; मधल्या फटीत बाटली येऊन बसते. तिच्याकडे हात जाण्यात मूर्खपणा नाही. बुडत्याने काडी धरली म्हणून त्याला हसू नये. काडी विकणाऱ्याकडे मात्र नीट बघून घ्यावं.

जिंकगोचं बघा. या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी कित्येक दशकं विकला जातो आहे. अमेरिकेत सरकारी पैशातून त्याची मोठी चाचणी झाली. ७५ आणि त्यापुढच्या वयाची ३,०६९ माणसं घेतली. निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी कोरी गोळी. कोणाच्या वाट्याला काय आलं हे ना गोळी घेणाऱ्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. साधारण सहा वर्षं या माणसांवर लक्ष ठेवलं आणि २००८ साली निकाल छापला: कोरी गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना डिमेन्शिया झाला, जिंकगो घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतपतच आहे, म्हणून जिंकगोने अपाय केला असं म्हणता येणार नाही. पण उपयोग झाला असं म्हणायला तिथे सुई शिरेल एवढीही जागा नाही. फ्रान्समध्ये २,८५४ जणांवर पाच वर्षं असाच प्रयोग झाला, २०१२ साली निकाल आला, तोही तसाच. एखाद्या नव्या औषधाची फाइल इथे बंद झाली असती. जिंकगो अजून विकला जातो.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण त्यात नापास उत्तरपत्रिका पास कशी करतात ते दिसतं. प्रेव्हाजेन नावाची गोळी अमेरिकेत टीव्हीवर जाहिराती करून खपली. तिच्यातला मुख्य घटक ॲपोइक्वोरिन, एका चमकणाऱ्या जेलीफिशमध्ये सापडणारं प्रथिन. आता प्रथिन गिळलं की पोटात त्याचे तुकडे होतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. ते अख्खंच्या अख्खं मेंदूपर्यंत पोचणार कसं, हा साधा प्रश्न. कंपनीने २१८ जणांवर चाचणी केली. एकूण निकालात गोळी आणि कोरी गोळी यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मग त्याच आकड्यांचे गट पाडून, उपगट पाडून तीसहून अधिक वेळा पुन्हा हिशोब केला गेला. एकाच उत्तरपत्रिकेची तीस प्रकारे बेरीज केली तर एखाद्या बेरजेत पोर पास होणारच! ती बेरीज जाहिरातीत आली. २०१७ च्या जानेवारीत फेडरल ट्रेड कमिशन ही ग्राहकांची फसवणूक रोखणारी अमेरिकी सरकारी संस्था आणि न्यूयॉर्क राज्याचं सरकार कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले. ही गोळी स्मरणशक्ती सुधारते असं म्हणायला कंपनीला न्यायालयाने मनाई केली ती २०२४ च्या डिसेंबरात. जवळजवळ आठ वर्षं. सत्तरीतल्या गिऱ्हाइकाच्या आयुष्यात आठ वर्षं म्हणजे किती, हे कोणत्या निकालपत्रात लिहायचं?

आता दुसऱ्या बाजूचे खरे मुद्दे. खरे म्हणजे ज्यांना उत्तर देताना माझीही थोडी दमछाक होते असे. पहिला मल्टिव्हिटॅमिनचा. कॉसमॉस नावाच्या अमेरिकी चाचणीच्या एका भागात ६५ वर्षांपुढच्या २,२६२ जणांचा अभ्यास झाला आणि २०२२ च्या निकालात रोज मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांचे बौद्धिक कसोट्यांतले गुण कोऱ्या गोळीवाल्यांपेक्षा थोडे चढे निघाले. त्याच प्रकल्पाच्या आणखी दोन भागांत पुन्हा तसंच दिसलं. हा चांगला, नीट केलेला अभ्यास आहे आणि जो "सगळं थोतांड" म्हणतो त्याने तो वाचलेला नसतो. पण त्याच्या शेजारी दुसरा ठेवावा लागतो. ६५ वर्षांपुढच्या ५,९४७ पुरुष डॉक्टरांना कित्येक वर्षं मल्टिव्हिटॅमिन देऊन पाहिलं. २०१३ सालच्या निकालात काही फरक नव्हता. डॉक्टर मंडळी मुळात चांगलं खाणारी, म्हणून फरक पडला नसेल, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मग त्याचा अर्थ असा होतो की ज्याच्यात कमतरता आहे त्याला फायदा, ज्याच्यात नाही त्याला नाही. म्हणजे आधी कमतरता शोधायला हवी, आणि आपण फिरून तपासणीच्याच दारात आलो. शिवाय कॉसमॉसमध्ये गुण वाढले ते कसोट्यांवरचे. डिमेन्शिया टळला असं तिथे कोणी म्हटलेलं नाही, आणि बाटली घेणारा विकत घेतो ते नेमकं हेच, टळणं.

दुसरा मुद्दा वनस्पतींचा. ब्राह्मीवर काही छोट्या चाचण्या झाल्या आहेत, बारा-बारा आठवड्यांच्या, आणि ऐकलेले शब्द काही वेळाने आठवण्याच्या कसोटीत त्यांत थोडा फायदा दिसलाही. माझ्या मते ब्राह्मीची मोठी, लांब पल्ल्याची चाचणी व्हायलाच हवी. वनस्पती म्हणजे अडाणीपणा असं मानणाऱ्यांना एवढंच विचारावं की गॅलंटामीन कुठून आलं? अल्झायमरसाठी डॉक्टर लिहून देतात ते हे औषध स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कुळातून आलं. १९५० च्या दशकात बल्गेरियात त्यावर काम झालं, २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वनस्पती असणं ना त्याच्या आड आलं, ना त्याला सूट मिळाली. किती मात्रा, कोणाला, किती दिवस, मळमळ होते का, नाडी मंदावते का, सगळं मोजलं गेलं. मोजून झाल्यावर ते औषध जादूचं निघालं नाही. फायदा बेताचा आहे, आणि तसं सांगूनच ते दिलं जातं. झगडा निसर्ग विरुद्ध रसायन असा नाहीच मुळी. मोजलेलं आणि न मोजलेलं असा आहे.

तिसरा मुद्दा तोंडात येतोच: औषध कंपन्या काय धुतल्या तांदळासारख्या आहेत? मुळीच नाहीत. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अड्युकॅनुमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला स्वतःच्याच तज्ज्ञ समितीचा सल्ला डावलून मान्यता दिली. २०२४ मध्ये कंपनीने ते गुंडाळलं. लाजिरवाणं प्रकरण. पण आपल्याला ते कळलं कसं? चाचणीचे आकडे मांडावे लागले, समितीसमोर ठेवावे लागले, भांडण उघड्यावर झालं. गोळ्यांच्या बाटलीबाबत हे भांडण करायला कागदच नसतो. एका चोराने दुसऱ्याकडे बोट दाखवलं म्हणून पहिला सुटत नाही.

आणि सगळ्यात जुना, सगळ्यात जड मुद्दा: "मला स्वतःला गुण आला आहे, तुझे आकडे ठेव तुझ्यापाशी." याला खोटं म्हणता येत नाही, कारण माणूस खोटं बोलत नसतो. इथे मला नेहमी एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर ब्राउन-सेकार आठवतो. हा कोणी भोंदू नव्हता. मज्जारज्जूच्या एका विकाराला आजही त्याचं नाव आहे, पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये क्लोद बर्नार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाच्या जागेवर तो बसला होता. १८८९ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्याने पॅरिसमधल्या शास्त्रज्ञांच्या सभेत उभं राहून सांगितलं की कुत्र्यांच्या आणि गिनिपिगांच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आणि मला पुन्हा तरुण वाटू लागलं आहे. ताकद वाढली, जिने चढता येऊ लागले, थकून सुटलेलं बौद्धिक काम पुन्हा जमू लागलं. गडी मोजमापाचा पक्का. हाताची पकड यंत्रावर मोजली, इतकंच काय, लघवीची धार किती लांब जाते तेही मोजलं. बघता बघता हजारो डॉक्टर तो अर्क टोचू लागले. पुढे २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच्याच कृतीने अर्क बनवून पाहिला. त्यात वृषणांतलं संप्रेरक इतकं नगण्य होतं की शरीरावर कसलाही परिणाम होणं शक्य नव्हतं. ते संप्रेरक पाण्यात धड विरघळतच नाही, आणि अर्क काढलेला पाण्यात. जन्मभर प्रयोग केलेला, प्रामाणिक, हुशार माणूस स्वतःच्या शरीराबद्दल इतका फसतो, तर आपली काय कथा? विसरणं कमीजास्त होत असतं. बाटली आणली जाते ती सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि वाईट आठवड्यानंतर बरा आठवडा बहुधा येतोच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि कावळा आयुष्यभर स्वतःच्या वजनाचं कौतुक सांगत फिरतो.

विकणाऱ्याला हे सगळं माहीत असतं, आणि कायद्याने त्याला बोलायची पद्धतही शिकवून ठेवली आहे. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९०६ साली भेसळीच्या अन्न-औषधांविरुद्ध कायदा झाला. १९११ साली कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या एका औषधाचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, कायदा बाटलीत काय आहे याबद्दलच्या खोटेपणापुरता आहे; त्याने काय बरं होतं याबद्दलचा दावा त्यात येत नाही. पुढच्याच वर्षी संसदेने दुरुस्ती केली, पण फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट घालून. विकणाऱ्याने "माझा तर विश्वास होता बुवा" म्हटलं की हेतू सिद्ध करायचा कसा? १९९४ च्या कायद्याने ही पळवाट नव्या रूपात परत आली. सप्लिमेंट, म्हणजे अशा पूरक गोळ्या, विकण्याआधी त्या उपयोगी पडतात हे सरकारपुढे सिद्ध करावं लागत नाही. "अल्झायमर टाळतं" म्हटलं तर कारवाई. "स्मरणशक्तीला साहाय्य करतं" म्हटलं तर चालतं. खाली बारीक अक्षरात लिहायचं की हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार, निवारण किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. एकदा अशी बाटली हातात घेऊन बघा. "स्मृती" हा शब्द अंगठ्याएवढा असतो. आणि ती ओळ वाचायला तोच चष्मा लागतो, जो आणायला आतल्या खोलीत गेलेलं माणूस काय आणायला आलो ते विसरलेलं असतं. साहाय्य करतं म्हणजे काय करतं? किती करतं? या क्रियापदाला मोजपट्टी लावता येत नाही, म्हणूनच ते निवडलेलं आहे.

तरीही, काय बिघडतं? एक तर बाटलीत जे लिहिलं आहे तेच असेल याची हमी नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने स्मरणशक्तीची तीन सप्लिमेंट तपासून घेतली, त्यातल्या दोघांत लेबलप्रमाणे माल नव्हता. २०२० साली छापलेल्या एका तपासणीत अशा दहा उत्पादनांमध्ये मान्यता नसलेली पाच औषधं सापडली. म्हणजे "औषध थोडंच आहे" म्हणून जे घेतलं, ते कधी कधी औषधच असतं, फक्त डॉक्टरांना न सांगता घेतलेलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाने जिंकगोही घ्यावा की नाही, हा प्रश्न डॉक्टर हसण्यावारी नेत नाहीत. पण नेतील तरी कसे, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

यापेक्षा मोठं नुकसान मी घरात पाहिलं. माझी मावशी, पंचाहत्तरीची, एकच गोष्ट दोन-दोनदा विचारायला लागली. बोलता बोलता धागा सुटायचा. घरच्यांनी बाटली आणली. आठ महिने सकाळी एक, रात्री एक. या आठ महिन्यांत डॉक्टरकडे जायचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं: "चालू आहे की गोळी." शेवटी गेलो तेव्हा डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, घरात जे जे घेता ते सगळं घेऊन या. मावशीने कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. सगळ्यात वर मानाने ती बाटली. तिच्याखाली ॲसिडिटीची गोळी, सहा वर्षं न चुकता. आणि झोप लागत नाही म्हणून कोणीतरी सुचवलेली ॲलर्जीची जुन्या पठडीतली गोळी, रोज रात्री. डॉक्टरांनी बाटलीला हातही लावला नाही, ही शेवटची पट्टी उचलली. ॲलर्जीच्या या जुन्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाला गुंगवतात, गोंधळात टाकतात. ज्येष्ठांनी टाळावीत अशा औषधांच्या यादीत त्या आहेत. ॲसिड दाबणाऱ्या गोळीचं दुसरं प्रकरण: अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, ते वर्षानुवर्षं दाबून ठेवलं की बी-१२ उतरू शकतं, आणि ते उतरलं की मेंदू मंदावतो. मधुमेहाची मेटफॉर्मिनही हेच करू शकते. रक्त तपासलं, बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली, रात्रीची गोळी हळूहळू बंद केली. तीनेक महिन्यांत मावशी बरीच ताळ्यावर आली. सगळं परतलं असं नाही. काही शब्द अजून हुलकावणी देतात. पण आठ महिने आम्ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा कारभार केला, हे खरं.

मावशीचं दैव म्हणा. प्रत्येकाचं कारण असं सापडत नाही. पण शोधायची यादी तर आहे: थायरॉइड, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, ऐकू न येणं. बहिरेपणाचं तर आपल्याकडे कोणाला काही वाटतच नाही. जे कानात शिरलंच नाही ते आठवणार कसं? यावर म्हणतात, तुम्ही आशा हिरावून घेता. मला ते पटत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली: रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, कान, डोळे वगैरे. ती सगळी आवरता आली तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज. अंदाजच, आणि तो सगळ्या लोकसंख्येचा. एकट्या माणसाला हमी देणारा नव्हे. श्रवणयंत्रांची चाचणी घ्या. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं केली, २०२३ साली निकाल आला. सरसकट सगळ्यांत फरक पडला नाही. ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांच्यात ऱ्हास ४८ टक्क्यांनी कमी दिसला. आता हाही उपगटच, मघाशी जेलीफिशवाल्यांना ज्याबद्दल बोललो तोच. फरक एवढाच की हा गट चाचणी सुरू होण्याआधीपासून वेगळा नोंदलेला होता, आणि "सरसकट फरक नाही" हे वाक्य संशोधकांनी पहिलं लिहिलं, लपवलं नाही. आशा अशीही देता येते, तिच्या मापासकट.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की डिमेन्शियाचा धोका कमी करण्यासाठी बी आणि ई जीवनसत्त्वं, ओमेगा प्रकारची मेदाम्लं किंवा मिश्र सप्लिमेंट यांची शिफारस करू नये. तरी पुरावा मागितला जातो तो माझ्यासारख्याकडे: उपयोग होत नाही हे दाखव. पूल बांधणाऱ्याने पूल तोलतो हे दाखवायचं, की वरून जाणाऱ्याने तो पडतो हे? ज्याने पैसे घेतले त्याने आकडे मांडावेत, ते नसतील तर "साहाय्य" हा शब्दही लेबलवरून उतरवावा, आणि बारीक अक्षरातली ती ओळ "स्मृती" या शब्दाएवढ्याच मोठ्या अक्षरात छापावी. बाटली विकायला माझी हरकत नाही. ती ओळ वाचून ज्याला घ्यायची त्याने खुशाल घ्यावी.

मावशीने बाटली सोडलेली नाही. डॉक्टरांनीही फार ताणलं नाही. गेल्या महिन्यात तिच्याकडे बसलो होतो तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. तिलाही म्हणे हल्ली विसरायला होतं. "अगं, मलाही तस्संच व्हायचं," मावशी म्हणाली, "आता बघ कशी ठणठणीत आहे. थांब, नाव सांगते, लिहून घे." मग चष्मा लावून, बाटली खिडकीच्या उजेडात धरून, तिने नाव अक्षर अक्षर फोडून सांगितलं, दोनदा. इंजेक्शनांचा विषय निघालाच नाही.